विहिरीची भिंत

मळ्यातली विहीर तळ गाठते, तेव्हा मी पायऱ्या उतरून खाली जातो आणि भिंतीला हात टेकून बसतो. वर हात-दोन हात काळी माती. तिच्याखाली पिवळट मुरूम, नखानं खरवडला तरी सुटणारा. मुरुमात अडकलेले गोल धोंडे, कांद्यासारखे पापुद्रे सुटत चाललेले. आणि सगळ्यांच्या खाली कातळ. काळा, गार, अंगावर सुरुंगाच्या भोकांच्या खुणा. एकाच दगडाची ही चार वयं.

हा कातळ सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. जमिनीला भेगा पडल्या आणि लाव्हा काकवीसारखा पसरत गेला, थरावर थर चढले. आजही त्याचा पसारा 5 लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. कळसूबाईचं 1,646 मीटर उंच शिखर त्याच थरांतलं. लाव्ह्यात कोंडलेल्या वायूच्या जागी पोकळ्या राहिल्या, त्यांत पुढे स्फटिक भरले. आमच्या विहिरीच्या तळाशी हरभऱ्याएवढा एक आहे. दुपारी कवडसा पडला की खडीसाखरेसारखा लकाकतो.

सुरुंगाशिवाय न फुटणारा हा दगड मऊ करतो तो पाऊस. हवेतला, मातीतला कार्बन डायऑक्साइड पोटात घेऊन पाणी किंचित आंबट होतं आणि फटीफटीतून कातळ खातं. दगडातलं कॅल्शियम विरघळून ओढ्यातून नदीत, नदीतून समुद्रात पोचतं. तिथे त्याची शिंपल्यांची कवचं होतात. हवेतला कार्बन असा पुन्हा दगडात जातो. लाखो वर्षांच्या हिशेबात पृथ्वीची ऊब आवाक्यात ठेवली ती या संथ झिजेनं. आणि मागे जी चिकण काळी माती उरते, ती पावसाळा सरल्यावरही ओल धरून ठेवते. त्या ओलीवरच आमचा शाळू येतो. भाकरीत कातळ असतो, हे मला या विहिरीत बसून उमगलं.

पाऊस तरी कुठे आपल्या मर्जीनं पडतो? सह्याद्रीचा कडा ढग अडवतो. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि तीसेक किलोमीटरवरच्या वाईला आठशेच्याही आत. आमचा मळा वाईच्याही पूर्वेला. नद्यांचंही तसंच. गोदावरीचं तर नवल वाटतं. त्र्यंबकेश्वराहून अरबी समुद्र जेमतेम 80 किलोमीटर, पण ती पाठ फिरवून 1,465 किलोमीटर पूर्वेला वाहते. वाटेत राजमहेंद्री लागते. तिथेही हाच लाव्हा सापडतो. इतक्या दूर तोही पोचला होता.

पावसाचं पाणी मुरतं ते मुख्यतः मुरुमात. सलग कातळ त्याला फारसा थारा देत नाही. म्हणून गावाभोवतीची मुरुमाची टेकाडं म्हणजे आमचे रांजण. हल्ली रस्त्याच्या भरावासाठी ती पोखरून नेतात. पोकलेन लागला की आठवड्यात टेकाड भुईसपाट.

आमच्या विहिरीमागचं टेकाड दोन वर्षांपूर्वी गेलं. पूर्वी विहीर मे महिन्यात तळ गाठायची. आता मार्चमध्येच गाठते.