बिनभोंग्याचा दिवस

लहानपणी मला सोमवार-मंगळवार कळत नसत. रविवार मात्र बिनचूक कळे. लालबागला आमच्या चाळीच्या पाठीमागेच गिरणी होती. पहाटे तिचा भोंगा झाला की भिंतीवरची भांडीसुद्धा जागी झाल्यासारखी वाटत. आई स्टोव्हला पंप मारू लागे, नळावर बादल्यांची भांडणे सुरू होत आणि आबा डोक्याला टॉवेल गुंडाळून, डबा घेऊन जिना उतरत. ज्या दिवशी भोंग्याऐवजी गॅलरीतले ऊन तोंडावर येऊन मला उठवी, तो रविवार. कॅलेंडर बघायची गरजच नव्हती.

आमची खोली दहा बाय बाराची. तीत आई, आबा, आजी, थोरला भाऊ आणि मी; शिवाय साताऱ्याकडच्या आमच्या गावचे दोन चुलते गाळेकरी म्हणून असत. ते गॅलरीत निजत, पण जेवण आमच्यात. एवढी माणसे एका खोलीत कशी मावत होती, असे आज कुणी विचारले तर मला उत्तर देता येत नाही. मावत होती, एवढे खरे.

आबा साचाखात्यात होते. दिवसभर साच्यांच्या खडखडाटात उभे राहून त्यांचे कान मंदावले होते, त्यामुळे ते घरातही ओरडूनच बोलत. "मीठ दे" असे ते म्हणाले तरी नव्या माणसाला भांडण जुंपले असे वाटावे! पण रविवारी दुपार कलू लागली की त्यांचा आवाज हळूहळू खाली येई, आणि रात्री निजताना तर ते चक्क इतर माणसांसारखे बोलत. सोमवारी पुन्हा मूळ पदावर.

रविवारी सकाळी ते गॅलरीतल्या खिळ्याला आरसा अडकवून दाढी करीत. मग पिशवी घेऊन मटण आणायला जात. आजी पाट्यावर खोबरे वाटायला बसे. आईने माझे केस शिकेकाईने धुतलेले असत आणि डोळ्यांत गेलेली शिकेकाई व नाकात गेलेला रश्श्याचा वास, अशा दोन्ही कारणांनी माझ्या डोळ्यांना पाणी येत असे. मटण अर्धा किलो आणि खाणारी सात तोंडे. पण आईच्या रश्श्याला भलतीच बरकत होती.

जेवणे झाली, आबांचे पान लावून झाले की आई कॉटखालून पत्र्याची पेटी ओढी. ती पेटी म्हणजे आमचा रविवार! तीत काय नसे? जुन्या लुगड्यांच्या घड्या, दोऱ्याची रिळे, काचेचे मणी, क्रोशाच्या सुया, प्लॅस्टिकच्या वायरची भेंडोळी. सतरंजी अंथरली जाई आणि जो तो आपापले काम घेऊन बसे. आजी गोधडी शिवी. खाली धडके लुगडे, मध्ये विटक्या धोतरांचे थर, वर रंगीत तुकडे, आणि कडेने सुरू झालेला धावदोरा आत आत वळत मध्यावर येई. शेवटचा टाका घालण्याआधी ती मध्यभागी चिंधीचा एक छोटा चौकोन घालून शिवी. "हा तिचा घास. गोधडी उपाशी ऱ्हाऊ ने," असे ती म्हणे. मी तिला एकदा विचारले होते, "मग पाणी कधी पाजायचं?" त्यावर मिळालेला धपाटा अजून आठवतो.

आई वायरच्या पिशव्या विणी. ऐंशीच्या सुमारास ज्यांचे बालपण गेले, त्यांना त्या पिशव्यांविषयी वेगळे सांगायला नको. भाजी आणि डबा वाहून वर्षानुवर्षे त्या फाटत नसत. भाऊ मण्यांचे तोरण ओवी, म्हणजे निम्मे मणी सांडी. आणि दिवाळीपूर्वीचे दोन-तीन रविवार आबा आकाशकंदील करीत.

आता विकत मिळणारे कंदील फार देखणे असतात, मी त्यांना नावे ठेवीत नाही. पण आबांचा कंदील आतून बघण्यासारखा असे. बुरुडाकडून आणलेल्या बांबूच्या कामट्या ते सुरीने सारख्या तासून घेत. वीतभर लांबीच्या बरोबर चोवीस. चार-चार कामट्यांचा एक, असे सहा चौकोन बांधायचे. मग चौकोनाच्या कोपऱ्याला दुसऱ्या चौकोनाचा कोपरा बांधत जायचे. सहाही चौकोन जोडून झाले, की मधल्या मोकळ्या जागांत आठ त्रिकोण आपोआप उभे राहतात. ते कुणी बांधलेले नसतात! मला दर वर्षी ही जादू वाटे, आणि दर वर्षी मी ते त्रिकोण मोजून बघे. मैद्याची खळ आई शिजवी, झुरळांनी खाऊ नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद टाकी. चौकोनांना लाल जिलेटीन, त्रिकोणांना पांढरा ताव, खाली कातरलेल्या झिरमिळ्या. आत पंधराचा दिवा.

17 जानेवारी 1982 हा असाच एक रविवार होता. दुसऱ्या दिवशी मी उठले ती उन्हाने. भोंगा झाला नव्हता. मी सहा वर्षांची होते. उठल्या उठल्या मी आनंदाने ओरडले, "आज पण रविवार!" आबा भिंतीला टेकून बसले होते. कोणी हसले नाही.

त्या सोमवारी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. साठाच्या आसपास गिरण्या आणि अडीच लाखांच्या घरात माणसे. पुढे त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले, वादही झाले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. त्यात कोणाचे चुकले, हे सांगण्याची माझी पात्रता नाही. मला ठाऊक आहे ते एवढेच, की आमच्या घरात सातही दिवस बिनभोंग्याचे झाले आणि त्यामुळे रविवार नाहीसा झाला. चुलते गावी गेले, पाठोपाठ आजीही गेली. खोली मोठी झाली, आणि ते मुळीच बरे वाटले नाही.

पत्र्याची पेटी आता रोजच उघडू लागली. आई वायरच्या पिशव्या विणून विकू लागली. पावसाळा सरल्यावर तिने बाजारातल्या एका दुकानदाराकडून कंदिलांचे काम आणले. कागद त्याचा, मेहनत आमची, पैसे डझनावर. शाळेतून आले की मी झिरमिळ्या कातरी. बोटांना खळ वाळून बसलेली असे आणि गृहपाठाच्या वहीची पाने एकमेकांना चिकटत. जे काम दर रविवारी मागून मागून करायला मिळे, त्याचा मला वीट आला.

आबा या कामाला हात लावीत नसत. कधी सभेला, कधी गिरणीच्या फाटकापर्यंत जाऊन येत, नाही तर गॅलरीत कठड्याला धरून उभे राहत. घरच्या दिवाळीसाठी कंदील करणे निराळे आणि बायकोने आणलेल्या कामावर बसणे निराळे. त्यांनी हे बोलून दाखवले नाही, पण घरात सर्वांना ते कळत होते. त्यांचा आवाज मात्र आता आठवडाभर खालीच असे. साच्यांचा खडखडाट थांबला होता ना!

दिवाळी दोन आठवड्यांवर आली तेव्हा आईने एक हुकूम काढला. रविवारी विक्रीचे काम करायचे नाही. रविवारी पेटी उघडेल ती घरच्यासाठीच.

आबा म्हणाले, "आता कसला आलाय रविवार? समदेच वार रविवार झाल्यात."

आई कामट्या मोजत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमचे झाल्यात. आमचा एकच हाय, त्यो ठेवा की."

आईला मी त्याआधी किंवा त्यानंतर आबांना असे बोलताना ऐकले नाही. आबा उठून गॅलरीत गेले. मटण नव्हते; पिठले-भाकरीचे जेवण उरकून आई, भाऊ आणि मी सतरंजीवर बसलो. चौकोन बांधायचे काम माझ्याकडे आले, कारण करणारे गॅलरीत उभे होते. दुसरा चौकोन बांधताना माझा दोरा तुटला. मी दोन्ही टोकांना एक भलीमोठी गाठ मारली. ती सुटली. दुसरी मारली, तीही सुटली. तिसऱ्या वेळी माझ्या हातातून दोरा कुणीतरी काढून घेतला.

"अशी गाठ फणीतनं जाईल व्हय?" आबा म्हणाले.

साच्यावर ताण्याचा धागा तुटला, की तो जोडून पुन्हा फणीतून ओढून घ्यावा लागतो. गाठ जाड झाली तर अडकते आणि कापडाला दोष येतो. विणकराची गाठ म्हणून एक असते. एका टोकाचा फास, त्यातून दुसरे टोक, चिमटीतच सगळे फिरवायचे आणि ओढायचे. गाठ मुगाएवढीही होत नाही आणि ओढाल तितकी घट्ट बसते. दिवसाकाठी अशा कितीतरी गाठी आबांच्या बोटांतून जात होत्या. नऊ-दहा महिन्यांत एकही गेली नव्हती. त्यांनी ती मला तीनदा दाखवली. माझी बोटे धरून दोनदा करवून घेतली. मग खाली मांडी घालून बसले आणि कामट्यांचा गठ्ठा स्वतःकडे ओढला. आईने काही न बोलता खळीचे भांडे त्यांच्या बाजूला सरकवले.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, ते विक्रीच्या कामालाही बसले.

पुढे गिरणी सुरू झाली, पण आबांना परत घेतले गेले नाही. एका कचेरीत ते रखवालदार झाले. तिथली सुट्टी मंगळवारची! रविवारी दिवसभर त्यांची पाळी. 1987 साली दूरदर्शनवर दर रविवारी सकाळी रामायण लागू लागले, तेव्हा सारी चाळ शेजारच्या खोलीतल्या टीव्हीपुढे बसे आणि आबा दुसऱ्या कुणाच्या तरी फाटकावर. ते रात्री आले की मी त्यांना त्या दिवशीचा भाग सांगे. सगळे रामायण त्यांनी माझ्या तोंडून ऐकले. मी मधूनमधून पदरचे घालीत असे. मला पुढे कादंबऱ्या लिहाव्याशा वाटल्या, त्याची सुरुवात तिथे झाली असावी. मॅट्रिकनंतर शिक्षण थांबले, बालवाडीत शिकवू लागले आणि तिथेच रमले.

शाळेत एका कार्यक्रमासाठी वाचन करताना नारायण मेघाजी लोखंडे यांच्याविषयी मला कळले. या देशात रविवारची सुट्टी गिरणी कामगारांना मिळाली ती त्यांच्या चळवळीमुळे. मालकांनी ती 10 जून 1890 रोजी मान्य केली. मी ते वाचले आणि पुस्तक मिटून बसले. म्हणजे आम्ही ज्याला देवाने दिलेला वार समजत होतो, तो आबांच्याच आधीच्या कुणी साचेवाल्यांनी भांडून आणलेला होता! आबांना हे सांगायला हवे होते. पण तोवर त्यांना जाऊन दोन वर्षे झाली होती.

गिरणीच्या जागी आता काचेची उंच इमारत आहे. माझा भाचा, म्हणजे भावाचा मुलगा, घरी बसून संगणकावर नोकरी करतो. त्याची सुट्टी केव्हा असते हे त्यालाही नीट सांगता येत नाही. यंदा दसऱ्यानंतरच्या रविवारी मी त्याला दटावून सतरंजीवर बसवले. आई खुर्चीत होती. तिला आता मोतीबिंदूमुळे अंधुक दिसते, हातही कापतो. कामट्या आयत्या तासलेल्या मिळाल्या, जिलेटीन मात्र हवे तसे लाल मिळाले नाही. भाच्याने तिसरा चौकोन बांधायला घेतला आणि दोरा तुटला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला, मी खळ ढवळत होते.

"तुटलं व्हय? आन हिकडं," आई म्हणाली.

तिने दोन्ही टोके चाचपून घेतली, चिमटीत काहीतरी फिरवले आणि ओढले. मी बघतच राहिले. ती आबांची गाठ होती, मुगाहून बारीक.

"आई, ही तुला कधी शिकवली त्यांनी?"

"मला कशाला शिकिवत्यात? तुला शिकवत हुते तवा मी काय डोळं मिटून बसली हुते?" ती म्हणाली, आणि चौथ्या चौकोनाच्या कामट्या मागू लागली.