आमचा तारामासा

आमच्या घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत एक तारामासा आहे. नावात मासा, पण हा मासा नव्हेच. याला कणा नाही, मेंदूही नाही. तोंड तर अंगाच्या खालच्या बाजूला! म्हणून कोळंबीचा तुकडा चिमट्यात धरून अगदी त्याच्या खाली सरकवावा लागतो. मग तो जठरच तोंडातून बाहेर काढतो आणि तुकडा तिथेच पचवू लागतो. पहिल्यांदा पाहून मुलगी "ईऽऽ!" म्हणाली होती. आता घड्याळ घेऊन बसते.

याच्या आधीचा आमच्या चुकीमुळे गेला. काचेवरचं शेवाळ खात असेल, असं आम्ही धरून चाललो. तो बिचारा उपाशी होता. भूक लागली म्हणून ओरडणार थोडाच!

आता मंगळवारी नि शुक्रवारी कोळंबी. कॅलेंडरवर खूण मुलगीच करते.