अब्बांच्या अंगणातला मुनवा

धुळ्याहून निघालेली एसटी पारोळा, एरंडोल, पाळधी करीत बांभोरीला गिरणेच्या पुलावर येते. हा पूल ओलांडला की माहेर आले, असे मला लग्नानंतरची वीस वर्षे वाटत आले आहे. अंतर म्हणाल तर नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर. सकाळी फजरनंतर निघालेला माणूस दुपारच्या जेवणाआधी पोहोचतो. 2023 च्या दिवाळीच्या सुटीत मी हाच प्रवास केला, पण त्या वेळी पूल आला तरी मन हलले नाही. जळगावचे आमचे जुने घर विकले गेले होते आणि मी सहीसाठी चालले होते.

अब्बांचा इंतकाल होऊन दोन वर्षे झाली होती. अम्मी त्याआधीच गेल्या. दोन्ही भाऊ फ्लॅटमध्ये राहायला गेलेले, घराला कुलूप. भावांनी कुरआनने ठरवून दिलेला माझा वाटा न मागता माझ्या हातात ठेवला. हे मुद्दाम लिहिते, कारण आपल्या समाजात बहिणीकडून "माफ केले" असे लिहून घेण्यालाच पुष्कळ घरांत प्रेम म्हणतात. कागद झाल्यावर धाकट्याने विचारले, "आपा, और कुछ चाहिए क्या घर में से?" मी म्हटले, मोरीजवळच्या केळीचा एक मुनवा दे, आणि अम्मींचा बियांचा डबा.

तो हसला. घर घेणारा अंगणावर स्लॅब टाकून दुकाने काढणार होता. केळ तशीही जाणारच होती.

आमचे अंगण म्हणजे काही बाग नव्हती. वीस बाय पंधराची मोकळी जागा, एका बाजूला मोरी. मोरीच्या पाण्यावर केळ आणि अळू, कुंपणाला वालाचा आणि दोडक्याचा वेल, एक लिंबू, एक शेवगा आणि थंडीत भरिताच्या वांग्याची आठ-दहा झाडे. भाजी विकत आणणे अम्मींना कमीपणाचे वाटे. जळगावची केळी आणि जळगावचे भरिताचे वांगे या दोघांना 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पेपरात बातमी आली तेव्हा अम्मी म्हणाल्या होत्या, आपल्या अंगणाला पण मिळाले मग.

भरिताचे वांगे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगते. ते जांभळे नसते. फिकट हिरवे, त्यावर पांढरट रेघा, लांबट, हाताच्या पंज्यापेक्षा मोठे, आणि आत बिया अगदी कमी. भुसावळहून तापी ओलांडून फैजपूरच्या रस्त्याला लागले की बामणोद लागते, तिथल्या वांग्याचे नाव मोठे. चंपाषष्ठी झाली की हिंदू घरांतून वांग्याला मोकळीक मिळते आणि शेतांत भरीत पार्ट्या सुरू होतात. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर वांगी भाजायची, लाकडी बडगीत हिरवी मिरची-लसूण घालून ठेचायची, वर कांद्याची पात, शेंगदाणे आणि भरपूर तेल, सोबत कळण्याची भाकरी. आमच्याकडे शेजारच्या पाटलांकडून एक डबा येई आणि आमच्याकडून ईदला शीरखुर्म्याचा जाई.

बियांच्या डब्यात मला चार पुरचुंड्या मिळाल्या. वांग्याची बी राखेत घोळून ठेवलेली होती. अम्मींची पद्धत अशी की झाडावरचे पहिले धडधाकट वांगे तोडायचे नाही. ते पिवळे पडेपर्यंत पिकू द्यायचे, मग गर पाण्यात कुस्करून तळाला बसलेली बी घ्यायची आणि सावलीत सुकवायची. सगळ्यात चांगले फळ न खाता ठेवायला जीव लागतो. मुले कुरकुर करीत, अम्मी ऐकत नसत.

मुनवा भावाने स्वतः काढून दिला. केळीच्या बुंध्याशी दोन प्रकारची पिले असतात. रुंद पानांचे दिसायला गोंडस, पण कामाचे नाही. तलवारीसारख्या अरुंद पानांचे घ्यायचे, त्याचा कंद भरलेला असतो. केळ एकदाच घड देते आणि संपते. पुढे चालते ते पिलांवर. आमच्या अंगणात अशी एकाच खुंटाची केळ माझ्या जन्माआधीपासून चालत आलेली होती. ओल्या गोणपाटात गुंडाळलेला मुनवा मांडीवर घेऊन मी परत बसले, तेव्हा कंडक्टरने विचारले, "मॅडम, जळगावहून केळ नेता, याला फुल तिकीट की हाफ?"

आता धुळ्याची गोष्ट. आमचा मोहल्ला दाट आहे. आजूबाजूला मागांचा खडखडाट, घराला अंगण नाही, वर गच्ची आहे. पाऊस जळगावपेक्षा कमी, नळ रोज येत नाही. मे महिन्यात गच्चीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. खान्देशात पारा 45 च्या वर जातो तेव्हा गच्चीवरच्या कुंडीतली माती हाताला तव्यासारखी लागते. कुंड्या मी आधीही ठेवल्या होत्या आणि दर उन्हाळ्यात त्या रिकाम्या झाल्या होत्या. कारण साधे होते. पाणी पिण्याला पुरत नाही, झाडांना कुठून घालायचे?

उत्तर घरातच होते. आम्ही घरी नमाज पढणाऱ्या तिघी, सासूबाई, मुलगी आणि मी. दिवसातून पाच वेळा वुजू. नळ सोडून वुजू केला तर चार-पाच लिटर पाणी सहज जाते. प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करीत, असे बुखारी व मुस्लिम दोन्हींत आले आहे. मुद्द म्हणजे आजच्या मापाने साधारण पाऊण लिटर. मी मुलांना वर्गात हे मोजून दाखवते तेव्हा त्यांना खरे वाटत नाही. आम्हाला पाऊण लिटर जमले नाही, पण लोट्याने केला तर एक लिटरमध्ये होतो. तिघींचे पाच वेळचे पंधरा लिटर. खाली टब ठेवला की ते सगळे गच्चीवर जाते.

सासूबाईंना आधी पटले नाही. वुजूचे पाणी, ते चिखलात, पायदळी? मग त्यांनी स्वतःच मशिदीच्या इमामसाहेबांकडे नातवाला पाठवले. निरोप आला की ते पाणी पाक आहे. त्याने पुन्हा वुजू होत नाही एवढेच, झाडाला घालायला हरकत नाही. त्या दिवसापासून टब कुणी सांडला तर ओरडणाऱ्या त्याच.

पंधरा लिटर सगळ्यांना पुरत नाही, म्हणून पाळी लावावी लागली. हे मी शिकले ते साक्री तालुक्यातल्या एका सहकाऱ्याकडून. पांझरेवर तिकडे तीन-चारशे वर्षांपासूनची फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे भाग म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, म्हणजे पाणी एकाच हिशेबाने सुटते. पाणी वाटायला पाटकरी, राखणीला जागल्या. जमीन कुणाची का असेना, पाण्याची पाळी पाटकरी ठरवणार. खान्देशची जुनी राजधानी बुऱ्हाणपूर. तिथेही मोगल काळात सातपुड्याचे पाणी जमिनीखालून कुंड्या-कुंड्यांनी शहरात आणले होते. पाणी मोजून वापरणे या मुलखाला नवे नाही. नळ आल्यावर आपण विसरलो.

मी गच्चीचे तीन फड केले. तहानलेल्यांचा पहिला, पुदिना, कोथिंबीर, पालक. त्यांना रोज. दुसरा मिरची, टोमॅटो, वांग्याचा, एक दिवसाआड. तिसरा गवार, चवळी, कोरफड, कढीपत्ता, त्यांनी धीर धरायचा. पाटकरी सासूबाई. एकेका कुंडीत तिन्ही जातींची गर्दी होती तेव्हा एक बुडून मरत असे आणि एक सुकून.

मातीचेही सांगते. आपली काळी माती शेतात सोने आहे, कुंडीत दगड. सुकली की भेगा, भिजली की चिखल, मुळांना हवा नाही. एक भाग काळी माती, एक भाग शेणखत, एक भाग वाळू असे मिसळले तेव्हा जमले. मार्चपासून वर हिरवी जाळी, आणि मातीवर वाळलेल्या पानांचा थर. पाणी सूर्य वर येण्याआधी किंवा मगरिबनंतर. अम्मींची बी मी 2024 च्या जूनमध्ये पेरली. सतरा उगवली, सहा मोठ्या डब्यांत लावली. ऑगस्टमध्ये शेंडे माना टाकू लागले. मला वाटले तहान, मी पाणी वाढवले. ती तहान नव्हती, शेंडा पोखरणारी अळी होती. दोन झाडे माझ्या पाण्यानेच कुजली. उरलेल्यांचे सुकलेले शेंडे कापून नष्ट केले आणि पन्नास ग्रॅम निंबोळी कुटून रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवून गाळून फवारली. डिसेंबरात चार झाडांवर मिळून अकरा वांगी आली. पहिले बियाण्याला ठेवले. मुलगी कुरकुरली.

पैशाचा हिशेब विचाराल तर भाजीबाजार बंद होत नाही. पुदिना, कोथिंबीर आणि मिरची मात्र रमजानमध्येही विकत आणावी लागली नाही, आणि शेजारच्या तीन घरांना इफ्तारीसाठी पुदिना आमच्याकडून गेला.

केळीचे काही गच्चीवर जमले नाही. अर्ध्या ड्रममध्ये ती हिवाळाभर रुसून बसली. एप्रिलच्या वाऱ्याने पानांच्या चिंध्या झाल्या. तिसऱ्या फडातले पाणीही तिलाच जाऊ लागले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बेटा, माहेरचे म्हणून किती दिवस?" मला राग आला. पण त्यांचे बरोबर होते. केळीला गच्ची नाही, मोरी लागते.

आमच्या शाळेत पोषण आहाराच्या परसबागेसाठी जागा सोडलेली आहे. मुले जेवणाआधी नळावर हात धुतात ते पाणी गटारीत जात होते. 2024 च्या जूनमध्ये, मृगबागेच्या वेळेला, मी मुनवा तिथे हलवला आणि सातवीच्या मुलांनी नळापासून एक दांड काढली. दोनशे मुलांच्या हातांचे पाणी. तीन महिन्यांत केळ माझ्यापेक्षा उंच झाली.

2025 च्या रमजानच्या शेवटच्या आठवड्यात कमळ बाहेर पडले. ईदनंतर फण्या मोजता आल्या. खालचे केळफूल कापून पोषण आहार शिजवणाऱ्या बाजीने त्याची भाजी केली. घडाच्या वजनाने झाड कलायला लागले, तेव्हा तिनेच बांबूचा टेकू दिला आणि आपली जुनी ओढणी फाडून बांधला. सुटीत पाणी घालायला ती एक दिवसाआड येते. मी वार वाटून घ्यायला गेले तर म्हणाली, "मॅडम, तुम्ही उन्हात येऊ नका, माझे घर समोरच आहे."

मुलांनी विचारले, केळी कुणाची? मी हदीस सांगितली. लावलेल्या झाडाचे माणसाने खाल्ले, पाखराने खाल्ले, जनावराने खाल्ले, तरी ते लावणाऱ्याच्या नावे सदका लिहिले जाते. एकाने विचारले, मग चोरून खाल्ले तर? दुसऱ्या एका रिवायतीत चोरीला गेलेलेही सदक्यातच आले आहे, हे मी त्याला सांगितले नाही. घड अजून हिरवा आहे.

जळगावला त्या जागी आता शटरची चार दुकाने आहेत. परवा धाकट्याचा फोन आला होता. फोटो पाठव म्हणाला. पाठवला. बराच वेळ काही उत्तर नाही. मग विचारले, "किती फण्या?" आठ, मी लिहिले. बुंध्याशी दोन मुनवे आहेत, एक तुझ्या फ्लॅटखाली लागेल का, सोसायटीला विचारून बघ.