निळे पर, केशरी पर

४ फेब्रुवारी, भीमेश्वरी
पहाटे पोचले. कावेरी इथे खडकांतून उड्या घेत जाते, मग एकदम गप्प, खोल. परवान्यात गळाला मनाई. कॅमेरा, दुर्बीण आणि वही, एवढंच सामान.

५ फेब्रुवारी
२०१५चा शोधनिबंध पुन्हा उघडला. १९९८ ते २०१२ या काळातल्या गळवाल्यांच्या नोंदी. गळ टाकून काढलेले २३,६२० तास. वजन करून परत सोडलेले महसीर ६,१६१. तासाला किती मासे लागले, यावर नदीची नाडी कळते. मासे वाढत गेले, सरासरी वजन उतरत गेलं. म्हणजे वीण चांगली. पकडून सोडायचा नियम फळला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा इथेच थांबले होते.

६ फेब्रुवारी
'एकूण' हा रकाना फसवा आहे.
पर बघून वेगळे केले की निळ्या पराचे: संख्या वर, वजन खाली. केशरी पराचे, पाठीला कुबड असलेले, कावेरीचे मूळचे: संख्या खाली, वजन वर. कमी होत गेले आणि जड होत गेले. घरात नुसती म्हातारी माणसं उरावीत तसं.

७ फेब्रुवारी
बाबांचा फोन. "दिसले का गं आपले?"
"दिसले. पुष्कळ आहेत."
केवढे खूश झाले. पुढचं बोलले नाही.

९ फेब्रुवारी
अण्णा भेटले. कॅम्प होते तेव्हा गळवाल्यांना घेऊन जायचे. त्याआधी स्वतः चोरून मासे मारायचे, हेही सांगून टाकलं. नाचणीच्या उकडीचा लिंबाएवढा गोळा मळून दाखवला. अंगठ्याने दाबायचा, भेग पडता कामा नये. गळ नसताना मळला. मग पाण्यात सोडून दिला.
२०१२मध्ये बंदी आली, कॅम्प उठले. "रात्री नदीवर फिरणारं कोणी उरलं नाही," म्हणाले. सुरुंगाचे आवाज त्यांनी ऐकलेत.
विचारलं, वीतभर केशरी शेवटचा कधी पाहिलात?
बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. "तुझ्या वयाचा होतो तेव्हा."

१० फेब्रुवारी
पाणमांजरांची तीन पिल्लं, वाळूवर. बाकी काही नाही.

११ फेब्रुवारी
झोप नाही. १९४६मध्ये याच कावेरीच्या खोऱ्यातला १२० पौंडांचा महसीर व्हॅन इंगेन यांनी काढला. ५४ किलो. जगभरचे गळवाले या माशासाठी येत. त्याचं शास्त्रीय नाव नक्की झालं २०१८मध्ये: टोर रेमादेवी. त्याच वर्षी अतिसंकटग्रस्तांच्या यादीत. बारसं आणि हे, एकाच वर्षी.

१२ फेब्रुवारी
उथळ पाण्यात, दगडांमागे कॅमेरा. बोटुकली दिसली! एका रांगेत, तोंडं प्रवाहाकडे, खवले इतके स्वच्छ की एकेक मोजावा.
अठरा. फोटो मोठे करून पर तपासले. सगळे निळे.

१३ फेब्रुवारी
निळा म्हणजे आपला खुद्री. १८३९मध्ये साइक्सने वर्णन केला तो पुण्याच्या मुळा-मुठेतला. तिथे आता पुलावरून तळ दिसत नाही. इथे मात्र माजलाय.
त्यात त्याचा दोष काय? पिशवीत घालून आणलं, सोडलं, तो जगला.
केशरी एकट्या निळ्यामुळे गेला असं म्हणता येत नाही. धरणं आहेत, वाळूउपसा आहे, सुरुंग आहेत. निळ्याचा वाटा किती, ते शोधायचं तर कुठे, कधी, किती सोडले ते हवं. तेच सापडत नाही.
लहानपणी बाबांच्या महसीर पैदास केंद्रात जायचे. ओल्या कापसाच्या थरांत पिवळी अंडी. बाबा चिमटीने मेलेली पांढरी वेचत. श्वास रोखून.

१४ फेब्रुवारी
सांगितलं. सगळं.
पलीकडे टीव्हीचा आवाज. मग तोही बंद झाला.
"नद्या भरायच्या म्हणून पाठवत होतो गं आम्ही."
"माहीत आहे, बाबा."
फोन ठेवला. आधी कोणी ठेवला, आठवत नाही.

१५ फेब्रुवारी
फोन नाही.

१६ फेब्रुवारी
नाही. आणखी सात बोटुकली. निळी.

१७ फेब्रुवारी
सकाळी सहाला बाबा. आवाज बसलेला. "माळ्यावर वही सापडली. माझी स्वतःची. तारखा आहेत, आकडे आहेत. तुझ्या कामाची असेल तर पाठवतो."

२४ फेब्रुवारी, म्हैसूर
पार्सल आलं. पुठ्ठ्याची वही, कडा वाळवीने खाल्लेल्या. बाबांचं अक्षर. रकाने आखलेले: तारीख, पिशव्या, नग, वाटेत मेले, शेरा. कावेरीची पानं त्यांनीच दोऱ्याने खुणावून ठेवलीत.
तक्ता करायला घेतला. रात्रीपर्यंत अर्धा झाला.
एका पानावर 'वाटेत मेले'खाली शून्य. शेऱ्यात, शाई दोनदा गिरवून: सर्व सुखरूप पोचले.