कापलेल्या वायरची दोन टोकं

भिलाईच्या नेहरू नगरातल्या एका मराठी मोटरसायकल मिस्त्रींची नजर साठीनंतर मंदावली. काळ्या वायरवरची रेघ पांढरी की पिवळी, हे आता शागीर्द बघून सांगतो. जुन्या स्प्लेंडरमध्ये काळी-पांढरी वायर इंजिन बंद करते, तर काळी-पिवळी इग्निशन कॉइलला जाते. अंधारातही वायर ओळखण्याचा मिस्त्रींना गर्व होता. तो अजून गेलेला नाही. पोराने रंग सांगितला तरी ते स्वतः तपासतातच.

त्यांना छळतो तो बाहेरून बसवलेला ॲलार्म.

स्टील प्लांटमध्ये पहिल्या पाळीला निघालेला माणूस सेल्फ मारतो. इंजिन फिरतं, स्पार्क येत नाही. तो सीटखालचा ॲलार्मचा कपलर उपटतो, तरी गाडी ढिम्म. मग दोष ॲलार्मचा नव्हेच, असं धरून स्पार्कचं नियंत्रण करणारा सीडीआय बदलला जातो, कॉइल बदलली जाते.

घोळ इथेच आहे. जुन्या एसी सीडीआयच्या गाडीत ॲलार्म किल वायर अर्थ करतो. कपलर काढला की अर्थ सुटतो, गाडी सुरू होते. डीसी सीडीआयच्या गाडीत बहुधा इग्निशनची वायर कापून ॲलार्मच्या रिलेतून फिरवलेली असते. कपलर काढला की ती तुटलेलीच राहते. कापलेली दोन टोकं पुन्हा जोडल्याशिवाय करंट पुढे जाणार कसा?

याहून चिवट दुखणं अर्धवट जोडाचं. रिलेचे पॉइंट जळालेले, किंवा नुसती पिळून टेप गुंडाळलेली तार पावसात हिरवी पडलेली. डिजिटल मीटर तिथे सरळ 12 व्होल्ट दाखवतं, कारण ते करंट जवळजवळ ओढतच नाही. तिथेच हेडलाइटचा 35 वॅटचा बल्ब लावला की तो मिणमिणतो. जवळजवळ 3 अँपिअर मागितले की जोडाचं बिंग फुटतं. शागीर्दाचा भरवसा मीटरवर, मिस्त्रींचा बल्बवर. या वादात मिस्त्रीच खरे.

ॲक्सेसरीच्या दुकानात घाईघाईत ॲलार्म बसवणाऱ्यांवर त्यांचा राग आहे: सोल्डर नाही, स्लीव्ह नाही, फ्यूजही नाही. गर्दी मात्र तिकडेच, हेही सलतं, असं ते मोकळेपणी सांगतात.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषण मानक लागू झालं आणि बहुतेक मोटरसायकलींत फ्युएल इंजेक्शन आलं. आता कापली जाणारी वायर इंजेक्शन चालवणाऱ्या ईसीयूची किंवा पेट्रोल पंपाची असू शकते. म्हणून ॲलार्म बसवायचाच असेल, तर कोणत्या रंगाची वायर कुठे कापली, हे बसवणाऱ्याकडून लिहून घ्या आणि तो कागद आरसी बुकाबरोबर ठेवा.