धरावे काय, सोडावे काय



परमार्थाच्या अंकात पोट साफ होण्याची गोष्ट कशाला, असे मनात आले तर क्षणभर थांबा. गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंत सांगतात, की प्राण्यांच्या देहात वैश्वानर अग्नी होऊन मीच चार प्रकारचे अन्न पचवतो. म्हणजे जठराग्नी हे देवाचेच ठिकाण झाले. तिथे आपण काय टाकतो आणि उरलेला मळ वेळेवर बाहेर जातो की नाही, हे पाहणे देवघर झाडण्यासारखेच आपले काम आहे.

पन्नासएक वर्षे मी जामखेडच्या पंचक्रोशीत आणि बाहेरगावी कीर्तनाला उभा राहिलो. आता उभे राहणे होत नाही, म्हणून बसून लिहितो. कीर्तन संपल्यावर माणसे कानाशी येऊन जे हळूच विचारत, त्यात संसाराच्या खालोखाल पोटाचीच तक्रार असे. "महाराज, दोन-दोन दिवस होत नाही." चारचौघांत हे कोणी बोलत नाही, म्हणून आज मी बोलतो.

वाग्भटांच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानाचा चौथा अध्याय रोग होऊच नयेत यासाठी आहे. अडवू नयेत असे 13 वेग त्यात सांगितले आहेत. वायू, मळ, मूत्र, शिंक, तहान, भूक, झोप, खोकला, श्रमाने लागलेला दम, जांभई, अश्रू, वांती आणि शुक्र. मळाचा वेग अडवला तर काय होते? पोटऱ्यांत गोळे येतात, पडसे होते, डोके दुखते, वायू वर चढतो, गुदाशी कातरल्यासारखे होते आणि छातीवर दडपण येते. चरकांनीही या पोटऱ्यांच्या गोळ्यांचा उल्लेख केला आहे.

वारकऱ्याने या पोटऱ्यांपाशी जरा थांबावे. चालून आणि घाम जाऊन गोळे येतातच. मुक्कामी आपण तेल चोळतो आणि झोपतो. पण दिवसभर काय अडवून धरले होते, हे कोणी विचारत नाही.

पैठणहून निघालेली नाथांची पालखी आमच्या तालुक्यात खर्ड्यावरून पुढे जाते. दिंड्यांतल्या बायाबापड्यांना मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. कित्येक जणी दुपारनंतर पाण्याचा घोट घेत नाहीत. विचारले तर म्हणतात, "आडोसा कुठाय, महाराज?" अंधार पडेपर्यंत धरायचे, आणि धरावे लागू नये म्हणून प्यायचेच नाही. अशीच एक माउली मुक्कामाच्या अलीकडे रस्त्यावर कोसळली. सावलीला नेले, शुद्धीवर आल्यावर मीठ-साखरेचे पाणी दिले, तेव्हा उठून बसली. पहिले वाक्य बोलली ते "पाणी नको" असेच. तिचा आजार पोटातला नव्हताच. चार भिंती आणि एक कडी असती, तर ती पडली नसती.

अलीकडे 'निर्मल वारी'च्या नावाने पालखीच्या मुक्कामी फिरती शौचालये उभी राहतात, हे मोठे पुण्यकर्म आहे. तरी दिंडीचालकांना हात जोडून सांगणे आहे. मुक्काम ठरवताना मंडप आणि टँकर पाहता, तसेच बायांसाठी शौचालये किती, तिथे पाणी आणि उजेड आहे का, हेही पाहा. गाडगेबाबा दिवसा खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. ही दोन कामे त्यांनी कधी वेगळी मानली नाहीत.

आता खाण्याकडे येऊ. आषाढीची वाट पावसाची असते. वर्षा ऋतूत अग्नी मंद होतो आणि वायू बिघडतो, असे आयुर्वेद सांगतो. म्हणून या दिवसांत जुने धान्य, मुगाचे कढण आणि उकळलेले पाणी हितकर मानले आहे. वाटेवर मात्र भजी, बुंदी, जिलेबी समोर येते. अन्नदात्याचा भाव थोर आहे, पण पोट तेवढेच आहे. वाग्भट म्हणतात, पोटाचे चार भाग कल्पावेत. दोन अन्नाला, एक पातळ पदार्थांना आणि एक वायूला मोकळा ठेवावा. प्रसाद चिमूटभर घेतला तरी तो प्रसादच राहतो.

एकादशीचेही तसेच. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपल्यावरूनच पडली आहे. उपवास म्हणजे अग्नीला विसावा. साबुदाण्यात चोथा जवळजवळ नसतो. सकाळी खिचडी, दुपारी वडे आणि रात्री पुन्हा खिचडी खाल्ल्यावर द्वादशीला पोट जड होणार नाही तर काय? थोडी भगर, राजगिरा, ताक, एखादे फळ एवढ्यावर भागते. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच उपास धरावा.

रोजचा नेम साधा आहे. पहाटे उठावे, कोमट पाणी प्यावे आणि ठरलेल्या वेळी जाऊन बसावे. वाग्भटांनी दोन्ही बाजू सांगितल्या आहेत: वेग आला असता दुसरे काम करू नये, आणि नसलेला वेग बळाने आणू नये. कुंथण्याने मूळव्याध वाढते. गुडघ्यांमुळे खुर्चीचा संडास वापरावा लागतो त्यांनी पायांखाली ठेंगणे पाट घ्यावे. प्रत्येकाचा कोठा निराळा असतो. मृदू कोठ्याला कोमट दूध पुरते. रुक्ष, वातप्रधान कोठा क्रूर, त्याला जेवणात तूप, भिजवलेल्या मनुका आणि पालेभाजी हवी. रात्री त्रिफळा कोमट पाण्यातून घेण्याची जुनी रीत आहे. मात्रा वैद्याकडून ठरवावी आणि गरोदर बाईने आपल्या मनाने घेऊ नये. सोनामुखीची पुडी रोज घेण्याची सवय लावू नये, आतडे आळशी होते.

मळातून रक्त पडत असेल, वजन विनाकारण उतरत असेल किंवा उतारवयात शौचाची सवय अचानक बदलली असेल, तर घरगुती औषधात दिवस घालवू नयेत. दवाखाना गाठावा. आमच्या जामखेडात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी 1970 साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि खेड्यापाड्यांतल्या, बऱ्याचशा निरक्षर बायांना आरोग्यसेविका केले. स्वच्छ पाणी, शोषखड्डा, जुलाबात मीठ-साखरेचे पाणी हे त्या घरोघर सांगत फिरल्या. लाज बाजूला ठेवून शरीराविषयी बोलायला त्यांनी गावाला शिकवले. तेवढे बोलणे आपल्या दिंडीतही यावे.

वेग अडवू नका असे सांगून झाल्यावर त्याच अध्यायात वाग्भट आणखी एक गोष्ट सांगतात. इहपरलोकीचे हित हवे असेल त्याने लोभ, ईर्ष्या, द्वेष, मत्सर यांचे वेग मात्र नेहमी धरून ठेवावेत. विचार करा, माउली. विण्याच्या मानावरून, पंगतीतल्या जागेवरून आलेला राग आपण तिथल्या तिथे मोकळा करतो, आणि देहाने मागितलेली साधी गोष्ट अंधार पडेपर्यंत दाबतो. हे उलटे सुलटे करायचे आहे. यंदा वाटेत शेजारच्या माउलीने पाण्याचा तांब्या परत केला, तर तिला एकदा कारण विचारा.

राम कृष्ण हरी.