धुळ्याचे दोन रविवार

सदसद्विवेकबुद्धी ही परमेश्वराची देणगी आहे, असे आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवतो. ते खरेच आहे. परंतु बियाणे मिळाले म्हणजे पीक हाती आले असे नव्हे. कापूस पिकवणाऱ्या खानदेशी माणसाला हे निराळे सांगावयास नको. निंदणी आणि राखण झाली नाही, तर उत्तम शेतातही तणच माजते.

धुळे जिल्ह्याच्या इतिहासातील दोन रविवार आमच्या मनात नेहमी शेजारी शेजारी उभे राहतात.

पहिला, २१ फेब्रुवारी १९३२ चा. त्या दिवशी धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी बंदिवानांपुढे गीतेवर बोलावयास आरंभ केला. १९ जूनपर्यंत असे अठरा रविवार झाले. साने गुरुजी ती प्रवचने लिहून घेत होते. शिक्षा भोगणारी माणसे आठवड्यातून एकदा शांत बसून आपले कर्तव्य कोणते, याचा शोध घेत होती.

दुसरा, १ जुलै २०१८ चा. साक्री तालुक्यातील राईनपाड्याला आठवडे बाजार होता. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा मोबाइलवरून आधीच घरोघरी पोहोचली होती. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांवर संशय घेतला गेला. ग्रामपंचायतीच्या खोलीत जमावाने त्यांना मरेपर्यंत मारले. काहींनी त्याचे चित्रण केले.

त्यानंतर कित्येक दिवस आमच्या धर्मग्रामातील आयाबाया विचारीत, “फादर, मग लेकरांची काळजी घ्यायचीच नाही का?” प्रश्न प्रामाणिक होता. लेकरांची काळजी हे पाप नव्हे. पाप सुरू होते ते चौकशी थांबते तिथे. त्या जमावातील प्रत्येकाजवळ देवाने दिलेला विवेक होता. पण गर्दीत प्रत्येकाने तो शेजाऱ्याच्या हवाली केला आणि शेजाऱ्याने आणखी पुढच्याच्या.

त्याच जुलैच्या १७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने असे झुंडबळी रोखण्यासाठी केंद्र व राज्य सरकारांना निर्देश दिले. व्हॉट्सअ‍ॅपनेही भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. दोन्ही उपाय योग्यच होत. परंतु त्या पाचांतील पहिल्याला तरी तो पाठवावा की नाही, हे यंत्र ठरवू शकत नाही. तो निर्णय आपलाच.

पापनिवेदनाची तयारी करणाऱ्या मुलांना पापे कोणती, असे विचारले की ती सांगतात: खोटे बोलणे, मिस्सा चुकवणे, भावाशी भांडणे. शेजारच्या वस्तीतील कुणाची विटंबना होत असता गप्प राहणे हे त्यांच्या यादीत सहसा नसते. मिस्साच्या आरंभीच्या कबुलीत मात्र केलेल्या पापांबरोबर टाळलेल्या कर्तव्यांचाही उल्लेख आहे. प्रभू येशूच्या दाखल्यातील याजक आणि लेवी यांनी जखमी वाटसरूला मारले नव्हते; ते केवळ बाजूने निघून गेले. थांबला तो परका शोमरोनी.

हे थांबणे अंगवळणी पाडावे लागते. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. छात्रालयातील मुलांची मायेने सेवा करता करता जे मन घडले, तेच १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषणाला बसले. मोठ्या प्रसंगी लागणारे बळ लहान कामांतूनच साठत जाते.

म्हणून वाचकहो, एक लहानसा नियम सुचवावासा वाटतो. संध्याकाळी जपमाळ झाल्यावर घरातील प्रत्येकाने स्वतःला विचारावे: आज मी कुणाविषयी खातरजमा न करता काही बोललो का? कुणासाठी थांबणे शक्य असून पुढे गेलो का? उत्तर मोठ्याने सांगण्याची सक्ती नको. पण आईवडिलांनी आधी सांगावे. मुले आपोआप बोलू लागतील.